अण्णांनी ओढलेल्या तारा

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचक भगिनी लिहितात, 'जुन्या नाशकात दहीपुलाच्या बाजूला आमचं दुमजली घर आहे. खालचा मजला माती-विटांच्या जाड भिंतींचा, वरचा १९७८ साली चढवलेला. तेव्हा सगळं वायरिंग सासऱ्यांनी स्वतः केलं. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी ओटा नवा केला, नळाचे पाइपही बदलले. त्यानंतरच्या दोन्ही पावसाळ्यांत ओट्यामागच्या भिंतीला आणि नळाला हात लागला की झिणझिण्या येतात. सासूबाई पाटावर उभ्या राहून काम करतात, मी रबरी चपला घालते. मिस्टर पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवारी येतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी वरच्या दोन खोल्यांत एसी आणि गिझर बसवून त्या यात्रेकरूंना द्याव्यात असं त्यांच्या मनात आहे. एका ठेकेदाराने उभ्याउभ्या घर बघितलं आणि सगळं वायरिंग बदलावं लागेल, भिंती फोडाव्या लागतील, दोन लाख धरून चला म्हणाला. अण्णा भडकले. म्हणाले, इतक्या वर्षांत एकदा फ्यूज उडाला नाही, मी असेपर्यंत परका माणूस बोर्डाला हात लावणार नाही. पुढच्या महिन्यात ते आठवडाभर नणंदेकडे सिन्नरला जाणार आहेत. तेव्हा गुपचूप तपासणी उरकून घ्यावी का? आणि येणारा माणूस नीट तपासतोय की नुसतं बघतोय, हे मला कसं कळणार? मला विजेतलं ओ की ठो कळत नाही.'

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलंय अण्णांबद्दल, पण उत्तर ओट्यापासूनच सुरू करावं लागेल. झिणझिण्यांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय आणि पाट, रबरी चपला हे जणू त्यावरचे उपाय आहेत अशा सुरात लिहिलंय. घरोघरी असंच चालतं. पण पाटाने करंट थांबत नाही. पायांतून जमिनीत उतरायची वाट तेवढी पाट अडवतो. एका हातात ओला नळ आणि दुसरा हात फ्रिजच्या दाराला, असं झालं की करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडू शकतो. पाटाचा तिथे काही संबंधच येत नाही.

अण्णांच्या 'फ्यूज उडाला नाही' या म्हणण्याकडेही नीट बघू. माणसाच्या अंगातून साधारण १० मिलिअँपिअर करंट गेला की धरलेली वस्तू हाताला सोडता येत नाही. ३० च्या पुढे जिवाशी गाठ. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब २६० मिलिअँपिअर घेतो, आणि मेनबोर्डावरचा लहानातला लहान फ्यूज ५ अँपिअरचा, म्हणजे ५,००० मिलिअँपिअरचा असतो. तुम्हाला बसणारा झटका त्याच्या खिजगणतीतही नाही. फ्यूज असतो वायर तापून पेटू नये म्हणून. तो उडाला नाही यावरून गळती नाही असं म्हणता येत नाही. तेही फ्यूजमध्ये योग्य जाडीची तार असेल तर. कोणी कधी घाईत त्यात तांब्याची जाड तार भरली असेल, तर तो उडणार तरी कसा?

म्हणून आधी हे करा, आजच. मेन बंद करून स्वयंपाकघराचे किटकॅट, म्हणजे बोर्डावरचे चिनी मातीचे फ्यूज, काढून ठेवा. 'किटकॅट' असं अनेकवचनी लिहिलंय, कारण त्या काळच्या बोर्डांवर बहुधा फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) एक आणि न्यूट्रलला (परतीच्या तारेला) एक असे दोन फ्यूज असत. नुसता न्यूट्रलचा निघाला तर दिवे जातात, पण भिंतीतली तार जिवंतच राहते. अंधार झाला म्हणजे करंट गेला, असं समजून हात घालणाऱ्यांना अशाच बोर्डांनी धडा शिकवलाय. कुठला किटकॅट कुठल्या खोलीचा, हे अण्णांना विचारा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर मेन पाडूनही अर्ध्या घरात वीज फिरत राहील. पाण्याचा गिझर असेल तर त्याचा प्लग काढा. फ्रिज काही दिवस बाहेरच्या खोलीत. स्वयंपाकघरात चार्जिंगचा दिवा ठेवा, गैरसोय होईल ती होऊ दे. आणि मधेच 'अजून येतंय का' म्हणून नळाला बोट लावून बघू नका. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका.

आता तुम्ही म्हणता की तुम्हाला विजेतलं कळत नाही. पण पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्हीच दिलीय, फक्त ती दोन वेगळ्या वाक्यांत पडलीय: तीन वर्षांपूर्वी नळाचे पाइप बदलले, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यापासून झिणझिण्या सुरू झाल्या.

जुन्या घरांत अर्थिंगची, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी, तार पाण्याच्या लोखंडी पाइपाला गुंडाळून द्यायची सर्रास पद्धत होती. पाइप जमिनीत दूरवर गेलेला असायचा, ओल असायची, त्यामुळे काम भागायचं. मग प्लंबर येतो, गंजलेला लोखंडी पाइप काढतो आणि प्लास्टिकचा टाकतो. त्याच्या दृष्टीने काम चोख. पण त्या दिवशी घराचं अर्थिंग गेलेलं असतं आणि कोणाला पत्ताही नसतो. भिंतीत नळाजवळ लोखंडाचा एखादा तुकडा तसाच ठेवला असेल आणि अर्थिंगची तार त्याला जोडलेली असेल, तर आणखी पंचाईत: फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन यांची थोडीथोडी गळती त्या तुकड्यापर्यंत येते, पुढे जमिनीत जायला वाट नसते, आणि ती नळावर तुमच्या हाताची वाट बघत थांबते. तुमच्या घरी अगदी हेच झालंय असं मी छातीठोकपणे सांगत नाही. ओली भिंत आणि आत सोललेली तार, हे दुसरं कारण असू शकतं. भिंतीलाही झिणझिण्या येतात म्हणजे ते बघावंच लागेल. कदाचित दोन्ही असेल. पण पाइपांपासून सुरुवात करायला जागा आहे.

आणि तसं निघालं तर त्यात अण्णांची चूक कुठे आहे? त्यांनी १९७८ साली जे केलं ते तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे केलं. त्यांना न विचारता त्याखालची जमीन दुसऱ्याच कोणीतरी काढून घेतली. बोलणं इथून सुरू करायचं.

तेव्हा गुपचूप तपासणीला माझा सरळ नकार आहे. विश्वासाचा भाग आहेच, सिन्नरहून परतल्यावर त्यांना शेजाऱ्यांकडून कळणार हेही आहे. पण खरं कारण व्यवहाराचं आहे. तुमच्या घराच्या वायरिंगचा नकाशा कुठल्याही कागदावर नाही, तो अण्णांच्या डोक्यात आहे. कुठे तीन-बावीसची बारीक तार ओढली आणि कुठे सात-वीसची जाड, जिन्याखालचा जॉइंट कुठल्या पेटीत होता आणि ती पेटी कुठल्या गिलाव्यात बुजली, वरच्या मजल्याची लाइन खालच्या कुठल्या फ्यूजवरून घेतली, तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, हे सांगणारा दुसरा माणूस नाही. त्यांच्या गैरहजेरीत येणारा ठेकेदार यातलं काही न कळल्यामुळे पुन्हा तेच म्हणेल: सगळं बदला. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांना हे सगळं आठवतंय तोवर वहीत उतरवून घ्या. तपासणी झाली नाही तरी एवढं काम वाया जाणार नाही.

'अण्णा, वायरिंग जुनं झालंय' असं म्हणू नका. 'अण्णा, पाइप बदलल्यापासून नळाला करंट येतोय. तुम्ही अर्थिंग कुठे दिलं होतं?' असं विचारा. पहिल्या वाक्याला ते चिडतील, दुसऱ्याला उठून बघायला जातील. नंतर मेगरचा विषय काढा. हँडल फिरवून चालवायचा मेगर काय असतो हे वीजकेंद्रात आयुष्य काढलेल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. वायरचं आवरण वीज किती अडवतं ते मेगर आकड्यात सांगतो; आकडा जितका मोठा तितकं चांगलं. त्या काळी जोडणी घेताना अशी चाचणी व्हायची. तीच आता पुन्हा करायची आहे, आणि आकडा अण्णांनीच वाचायचा आहे. परक्या माणसाच्या मताशी ते भांडतील, आकड्याशी बहुतेक भांडणार नाहीत.

तरीही ते नाहीच म्हणाले तर? मग त्यांना सांगून, त्यांच्या समोर, मिस्टर घरी असतील त्या शनिवारी माणूस बोलवा. करंट तुमच्या आणि सासूबाईंच्या अंगाला लागतोय. त्यावर घरात कोणाचाही, कितीही मान असला तरी, अडवण्याचा हक्क चालू देऊ नये. चोरून करणं वेगळं आणि न जुमानता उघडपणे करणं वेगळं.

आता तो दोन लाखांचा आकडा. बोर्डाचा एक स्क्रूही न काढता तो सांगितला गेला, म्हणून तो मी बाजूला ठेवतो. तुम्ही मात्र त्यामुळे तपासणी आणि दुरुस्ती यांची गाठ मारून बसला आहात. एकदा बघायला बोलावलं की दोन लाख गेलेच, अशी भीती पत्रभर दिसते. तपासणीचे पैसे वेगळे ठरवा आणि आधीच स्पष्ट सांगा: आकडे लेखी हवेत, पुढचं काम तुम्हालाच मिळेल असं नाही. यावर जो नाक मुरडेल तो आपल्या कामाचा नाही. अशी तपासणी काही हजारांत होते. माणूस राज्य शासनाचा विद्युत ठेकेदाराचा परवाना असलेला हवा आणि त्याच्याकडे मेगर व अर्थ टेस्टर ही दोन्ही उपकरणं स्वतःची हवीत. गल्लीतल्या वायरमनकडे ती बहुधा नसतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची कामं घेणाऱ्या ठेकेदारांकडे असतात, कारण कारखान्यांना अर्थिंगच्या चाचण्या वेळोवेळी कराव्याच लागतात. त्यांच्यापैकी कोणी सुट्टीच्या दिवशी यायला तयार होतं का, ते ओळखीतून बघा. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत, पुढचं सगळं आपलं. त्यामुळे मीटर बदलून गेले म्हणजे वायरिंग बघून गेले असंही समजू नका. फक्त अख्ख्या घराचे दिवे एकदम मंद-प्रखर होत असतील तर बाहेरचा न्यूट्रल सैल असू शकतो. तेव्हा मेन बंद करून १९१२ वर तक्रार करा.

तपासणी कधी करायची, तर पावसाळ्यात. लोक ती रंगकामाबरोबर दिवाळीच्या तोंडावर किंवा उन्हाळ्यात करतात. तेव्हा भिंती वाळलेल्या असतात आणि मेगर छान आकडा दाखवतो. तुमची गळती पावसाळ्यात दिसते, तर तिला पावसाळ्यातच पकडलं पाहिजे. अर्थिंगचं उलट: त्याची खरी परीक्षा वैशाखात, जमीन कोरडी पडल्यावर. म्हणून अर्थिंगचं माप एकदा उन्हाळ्यातही घ्या.

निकाल काही लागो, भिंती फोडायला मी सुचवणार नाही. माती-विटांच्या भिंतीत पाइपासाठी खाचा मारायच्या, आणि त्याच भिंतींवर वरचा मजला उभा. प्लास्टिकच्या पट्ट्यांमधून भिंतीवरून वायर नेता येते. दिसायला तितकं देखणं नाही, पण पुढे काही बिघडलं तर झाकण काढून बघता येतं. मला विचाराल तर मधला मार्ग पटतो. नवा बोर्ड, त्यात प्रत्येक लाइनला एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच पडणारा स्विच). मागच्या बाजूला मोकळ्या जमिनीत नवा अर्थिंगचा खड्डा. स्वयंपाकघर, गिझर आणि एसी यांना बोर्डापासून स्वतंत्र नव्या लाइन्स. मेगरचा आकडा चांगला आला तर अण्णांच्या जुन्या तारांवर दिवे आणि पंखे खुशाल चालू द्या. १९७८ ची तांब्याची तार कोरड्या जागी, बेताच्या भारावर राहिली असेल तर ती आजही ठणठणीत असू शकते. ॲल्युमिनियम निघालं तर मात्र माझं मत बदलेल. ते स्क्रूखाली हळूहळू सैल होतं, वर ऑक्साइड धरतं, आणि जॉइंट तापतो. रबराचं आवरण असेल आणि टोकाला बोट लावताच भुगा पडत असेल तर चर्चेला जागाच नाही.

आरसीसीबीबद्दल एक सांगून ठेवतो, कारण यात लोक हमखास फसवले जातात. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. जुन्या घरात तो बसवला की पहिल्याच आठवड्यात सारखा पडायला लागतो, आणि मग वायरमन सांगतो की जुन्या वायरिंगला हा चालत नाही, काढून टाकू. तो पडतोय कारण त्याला गळती सापडतेय, नाहीतर दोन लाइन्सचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेत. ते शोधून काढायचं सोडून पडणारं यंत्रच काढायचं, याला काय म्हणावं? त्यावरचं 'टेस्ट'चं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो शोभेचा आहे.

सिंहस्थाचा बेत वाईट नाही, पण क्रम उलटा झालाय. दीड टनाचा एसी साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा झटपट गिझर १३. दोन एसी आणि एक गिझर म्हणजे तीसच्या घरात. तुमच्या वरच्या मजल्याला जर तीन-बावीस म्हणजे जेमतेम सव्वा चौरस मिलिमीटरची तार गेली असेल, तर तिच्यावर हा भार टाकणं म्हणजे आग लावून देणं. वीजबिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो तोही बघा. तो वाढवून घ्यावा लागेल आणि त्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागतात. म्हणजे मिस्टरांना हवं ते करायचं असेल तरी तपासणीतूनच जावं लागणार आहे. हे त्यांना पुण्याला फोन करून आजच सांगितलं तर अण्णांशी बोलायला एक माणूस तुमच्या बाजूला येईल. शिवाय यात्रेकरू रामकुंडावरून ओल्या अंगाने येणार, ओल्या हाताने चार्जर लावणार. त्यांना तुमच्या घरातला पाट ठाऊक नाही.

तुमच्यासारख्या इतरांसाठी थोडं. दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार या पट्ट्यात २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरात पाणी शिरलं होतं. ज्यांच्या खालच्या बोर्डापर्यंत पाणी आलं त्यांनी ते वाळल्यावर नुसता मेन पाडून पुन्हा चालू केला असेल, तर तेव्हाची तपासणी अजून बाकी आहे असं धरा. सिडकोतल्या जुन्या घरांवर ज्यांनी मजले चढवले, त्यांनी वरच्या मजल्याची लाइन कुठून घेतली ते बघावं. बऱ्याचदा ती खालच्या दिव्यांच्याच तारेला जोडलेली असते. भाडेकरूंनी मालकाला सांगावं आणि तेही लेखी.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तो नीट तपासतोय की नुसतं बघतोय. हे कळायला वीज शिकावी लागत नाही. मेगर ५०० व्होल्ट सोडतो, म्हणून तो लावण्याआधी सगळे प्लग काढावे लागतात, एलईडी बल्ब, ट्यूब, पंख्यांचे रेग्युलेटर सोडवावे लागतात, नाहीतर जळतील किंवा चुकीचा आकडा देतील. बटणं मात्र चालू ठेवावी लागतात. ही तयारी करायलाच बराच वेळ जातो. दुमजली घराला अर्धा दिवस सहज लागेल. आकडा प्रत्येक लाइनचा वेगळा यायला हवा आणि एक मेगाओहमच्या खाली आलेली लाइन तिथल्या तिथे बंद ठेवायला हवी. त्याने निदान स्वयंपाकघराचा, गिझरचा आणि मेनचा बोर्ड उघडून आत बघितलं पाहिजे: स्क्रू घट्ट आहेत का, प्लास्टिक तपकिरी पडलंय का, जळकट वास येतो का, बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर. तीन पिनांच्या प्रत्येक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग खरंच पोचतंय का हे मीटरने मोजलं पाहिजे. जुन्या घरांत ते भोक पुष्कळदा नुसतंच असतं, मागे तारच नसते. आणि जमिनीत दोन सळ्या ठोकून अर्थिंगचं माप घेतलं पाहिजे. ते पाच ओहमच्या आत असलेलं बरं. बल्ब जागच्या जागी ठेवून, एकही बोर्ड न उघडता तासाभरात कोणी 'सगळं ओके' म्हणाला तर त्याला चहा द्या, पैसे देऊ नका.

जाताना लाइनवार आकडे, तारीख, सही आणि परवाना क्रमांक असलेला कागद घ्या. तोच कागद दाखवून दोन-तीन ठेकेदारांकडून दर मागवा. मग कोणत्या लाइनसाठी किती, हे प्रत्येकाला वेगळं सांगावं लागेल आणि अण्णाही त्यात बोलू शकतील.